बॉयर्लेंची माती

रविवारी सकाळी हार्टविग बॉयर्ले कॉफीचा कप घेऊन मागच्या दारी आले आणि कप तोंडाशी नेता नेता थांबले. लॉनच्या अगदी मधोमध मातीचा एक ढीग होता. काळाभोर, भुसभुशीत, पातेलं उपडं घालावं तसा गोल.

"आनेग्रेट," त्यांनी घरात हाक मारली, "बाहेर ये. आणि हळू बोल."

बायको आली. तिने ढिगाकडे पाहिलं. "मोल आलाय," ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली.

"हळू बोल म्हटलं ना!"

मोल हा चिचुंद्रीच्या वळणाचा, मखमली अंगाचा प्राणी. जमिनीखाली बोगदे पोखरतो आणि निघालेली माती वर ढकलून देतो. त्यात कुणाची अब्रू जाण्यासारखं काही नाही. पण गेल्या वर्षी कुंपणापलीकडे शेजारच्या फ्राउ, म्हणजे श्रीमती, होल्डरमान यांच्या बागेत असेच ढीग उठले होते, तेव्हा बॉयर्लेंनी कुंपणाला टेकून त्यांना ऐकवलं होतं, "बागेवर रोज नजर असली की असले पाहुणे फिरकत नाहीत." बॉयर्ले गावात ड्रायव्हिंग शिकवत, आणि गाडीतून उतरल्यावरही त्यांचं शिकवणं थांबत नसे. फ्राउ होल्डरमान म्हणजे या आल्टनबाख गावच्या पुष्पमंडळाच्या अध्यक्षा. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं होतं, आणि त्या शांतपणाचीच बॉयर्लेंना तेव्हापासून धास्ती होती.

जर्मनीत मोलला मारायला कायद्याने बंदी. पकडून दुसरीकडे सोडायलाही बंदी. तो कंटाळून आपणहून निघून जाईल असं काहीतरी करत राहायचं, एवढीच काय ती परवानगी.

"मग तू त्याला गाडी चालवायला शिकव," आनेग्रेट म्हणाली.

हाकलण्याचं काम तिने घेतलं, लपवण्याचं त्यांनी. फ्राउ होल्डरमान खिडक्या उघडायच्या आत बॉयर्ले ढीग बादल्यांत भरत, भोकांवर गवताचे तुकडे बसवत, आणि बादल्या शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवून गावाबाहेर रिकाम्या करून येत. एकदा एका शिकाऊ बाईंनी बादल्या गाडीत असतानाच कचकन ब्रेक दाबला. सगळी माती दोघांच्या मानेवरून पुढे आली. "ब्रेक असा दाबला की काय होतं, ते कळावं म्हणून ठेवतो मी," बॉयर्ले कॉलर झटकत म्हणाले. बाईंनी त्यांचे आभार मानले.

असं चाललं असताना एका सकाळी फाटकाबाहेर फ्राउ होल्डरमान उभ्या. ब्रेड आणायला निघाल्या होत्या.

"बादलीत काय हो?"

"माती."

"आणि ती घेऊन कुठे निघालात?"

बॉयर्लेंनी बादली पाठीमागे धरली. "कुंड्यांसाठी आहे," ते म्हणाले. "मी स्वतः तयार करतो."

फ्राउ होल्डरमाननी बादलीत हात घातला, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि नाकाशी नेली. "एक खडा नाही. चाळता वाटतं?"

"तीनदा."

"ठेवा इथेच. मला जेरेनियम लावायचेत."

त्या वर्षी फ्राउ होल्डरमान यांच्या खिडक्यांतले जेरेनियम असे काही फुलले की लोक सायकलवरून उतरून बघू लागले. विचारणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत, "बॉयर्लेंची माती." मग बेकरीवाल्या श्मुटसला एक बादली हवी झाली, पाद्रीबुवांना हवी झाली, अग्निशमन दलाच्या प्रमुखांनी तर रिकामी बादलीच पाठवून दिली. बॉयर्लेंना हे आवडायला लागलं. मातीला विश्रांती कशी द्यावी, चाळणी कोणत्या हाताने हलवावी, यावर ते भेटेल त्याला शिकवू लागले. पुष्पमंडळाने त्यांचं व्याख्यान ठरवलं. शिवाय उन्हाळ्याच्या जत्रेसाठी नदीवरच्या पुलावर फुलांचे जेवढे खोके लागतात, तेवढ्यांची माती बॉयर्ले देणार, असं फ्राउ होल्डरमाननी परस्पर जाहीर करून टाकलं.

नेमकं त्याच सुमारास आनेग्रेटला यश आलं. ती रोज बोगद्यांत ताक ओतत होती, लसूण ठेचून टाकत होती, सलूनमधून कापलेले केस आणून कोंबत होती.

"गेला," एका संध्याकाळी ती हात धूत म्हणाली. "आठवडाभर एकही ढीग नाही."

बॉयर्लेंचा चेहरा पडला. "इतकं ताक ओतायची काय गरज होती?"

"तूच म्हणालास ना, घालव म्हणून?"

"घालव म्हणालो. इतक्या लवकर नव्हतो म्हणालो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून मातीची पोती आणली आणि या खेपेला ती खरोखरच तीनदा चाळली. फ्राउ होल्डरमाननी चिमूट चोळली आणि बॉयर्लेंच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमची तब्येत बरी नाही का? ही तुमची माती नव्हे."

दोन दिवस बॉयर्ले जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी माडीवरच्या न्हाणीघरात दाढी करताना त्यांची नजर खिडकीतून खाली गेली. फ्राउ होल्डरमान यांच्या हिरवळीवर ओळीने ढीग उठले होते. ताजे, काळेभोर. अर्धी दाढी तशीच ठेवून बॉयर्ले जिना उतरले.

तेव्हापासून ते रोज पहाटे कुंपण ओलांडू लागले. फ्राउ होल्डरमान यांच्याच लॉनवरची माती बादलीत भरायची, भोकं झाकायची आणि न्याहरीच्या वेळेला त्यांच्याच दारावरची घंटा वाजवून ती त्यांना द्यायची.

"ही बघा! ही खरी," फ्राउ होल्डरमान म्हणाल्या.

"मुरायला ठेवली होती," बॉयर्ले म्हणाले. फ्राउ होल्डरमाननी रुबार्बच्या आंबट देठांच्या घरच्या केकचा मोठा तुकडा बांधून दिला, तो घेताना पहिल्या दिवशी बॉयर्लेंना लाज वाटली. नंतर फक्त केक चांगला वाटू लागला.

एके दिवशी ते कोपरापर्यंत हात भोकात घालून गुडघ्यांवर बसले असताना समोर दोन सपाता दिसल्या. सपातांच्या वर ड्रेसिंग गाऊन होता, आणि त्याच्याही वर कॉफी पिणाऱ्या फ्राउ होल्डरमान.

"मी समजत होते, माझं लॉन आपोआप बरं झालं," त्या म्हणाल्या.

बॉयर्ले उठून उभे राहिले आणि त्यांनी पहिल्या ढिगापासून सगळं सांगितलं. फ्राउ होल्डरमाननी कॉफी संपवली.

"म्हणजे मी गावभर कौतुक करत फिरले, ते माझ्याच मातीचं."

"अलीकडच्या बादल्या तुमच्या. आधीची माती माझी होती." बॉयर्ले थांबले. "म्हणजे मोलचीच."

"आणि शुक्रवारी व्याख्यान आहे."

"रद्द करा ना ते."

"मुळीच नाही. दारोदार निमंत्रणं गेली आहेत. उभं राहायचं आणि बोलायचं." जाता जाता त्या वळल्या. "आणि कुंपणावरून उड्या मारू नका. फाटक आहे."

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. बॉयर्लेंनी चाळणीपासून सुरुवात केली, पहिल्या रांगेतल्या फ्राउ होल्डरमानकडे पाहिलं आणि टिपणांचा कागद घडी करून खिशात घातला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणाला काही शिकवावंसं वाटेना.

"माती मी करत नाही," ते म्हणाले. "मोल करतो. मी नुसती बादली धरतो." मग त्यांनी पहाटेची चोरी सांगितली, बायकोने ताक ओतून त्याला कसं घालवलं ते सांगितलं, आणि गेल्या वर्षीच्या बोलण्याबद्दल सगळ्यांसमोर फ्राउ होल्डरमान यांची माफी मागितली. कोणी हसेना. बॉयर्ले टोपी उचलून दाराकडे निघाले.

"थांबा हो," बेकरीवाला श्मुटस उठला. "पण तो मिळतो कुठे?"

"मिळत नाही," अग्निशमन दलाचे प्रमुख म्हणाले. "पकडून आणायला बंदी आहे. आपणहून आला तरच."

सगळ्यांच्या माना आनेग्रेटकडे वळल्या. "हाकलायचं तुम्हाला जमलं," श्मुटस म्हणाला. "बोलवायचं कसं, तेही सांगा की."

आनेग्रेटने मांडीवरची पर्स नीट केली आणि जरा विचार केला. "लॉन दर शनिवारी कापा," ती म्हणाली. "कडा कात्रीने सारख्या करा. मग कुंपणाशी जाऊन शेजाऱ्याला त्याच्या बागेतल्या चार चुका दाखवा. फार वाट बघावी लागत नाही."

मागच्या रांगेत दोघातिघांनी पेन्सिली काढल्या.