चांदणी छापाच्या पैशाची हकीकत

दोन्ही बाजूंनी खरी उमटते त्या लक्ष्मीस नमन करोन लिहितों ऐसीजे. शके सतराशें एकूणसाठ, हेमलंबी नाम संवत्सरे, चैत्रमासीं एका राज्याचे महाराज जुन्या नाण्यांचा संग्रह करीत होते. राज्यात पूर्वी टांकसाळी तीन. पैकी गडावरील टांकसाळ चाळीस दिवस चालोन बंद जाहली. तिचा पैसा सनाखालील बारीक चांदणीवरून ओळखावा. तो मात्र संग्रही नव्हता.

रखमाजी पोतदार सरकारचे नाणेपारखी. त्यांनी गतवर्षी चांदणीचा पैसा म्हणोन एक आणिला, आणि भर दरबारी महाराजांचे तळहातावर चांदणी वेगळी आणि पैसा वेगळा जाहला! लाखेने चिकटविलेली होती. दरबार खदखदां हसला. मग पोतदार लाजेने दरबारास जाईनासे जाहले, आणि घरी बसोन भिंगातून पैसे पाहात राहिले.

पुढे जत्रा भरली. तेथे खुशालचंद नामे सराफ चांदणीचे तीन पैसे मांडोन बसला होता. पोतदारांनी भिंग लाविले आणि म्हणाले, "शेटजी, सन झिजून पुसट जाहला आणि चांदणीची टोके सुईसारखी? पैसा आजोबांचा आणि चांदणी कालची काय?" भोवतालचे लोक हसले, आणि शेटजींनी पैसे कनवटीस लाविले.

मग पोतदार तहानेले होवोन काकड्या घ्यावयास येसूबाई माळणीपाशी गेले. तिच्या तराजूचे एक पारडे हलके, म्हणोन पासंगास एक पैसा बांधला होता. पोतदारांनी सहज पाहिले आणि पुन्हा भिंग काढिले. चांदणी सनाइतकीच झिजलेली, त्याच तांब्यातून वर आलेली! मनात आले, दुसरा पैसा देवोन हा उचलावा. मग आपलीच लाज वाटोन म्हणाले, "बाई, हा साधा पैसा नव्हे. महाराज यास मोहरा देतील."

येसूबाई म्हणाली, "मोहरा मागून बघू. आधी माझा पासंग द्या, गिऱ्हाईक खोळंबलंय!"

तेव्हां सरकारचे पारखी उन्हात बसोन खडे निवडू लागले. एक जड, एक हलका. "पोतदार, डोळे नीट उघडा!" ऐसे बाई ओरडे. सातवा खडा जुळला आणि पारडी सारखी जाहली.

दुसरे दिवशी पोतदार बाईस घेवोन दरबारी गेले. महाराजांनी पैसा घासला, ओरखडला, पाण्यात बुडविला. चांदणी जागची हलली नाही. महाराज बहुत संतोष पावले, बाईस वीस मोहरा दिधल्या आणि पोतदारांस शाल. पोतदार शाल डोळ्यांस लावोन म्हणाले, "महाराज, वर्षाने झोप लागेल."

एवंच, पैसा संग्रही गेला, पोतदार दरबारी परतले आणि येसूबाईंनी विहिरीसह मळा घेतला. त्या साली राज्यात लढाई जाहली नाही. सांगण्याजोगे घडले ते इतुकेच.