रोजाफुई आणि ऐंशीचा नियम

नवे फादर आले की त्यांच्या पहिल्या जेवणात रोजाफुई डाळीत मुद्दाम मीठ जास्त घालते. हात चुकला म्हणून नव्हे, ठरवून घालते, आणि मग दाराआड उभी राहून बघत बसते. आमच्या मिशनच्या स्वयंपाकघरात गावाच्या या फुईने, म्हणजे आत्याने, आजवर अकरा फादरांना जेवू घातलं आणि अकराही जण या डाळीतून पार झाले. एक फादर ताट सरकवून ओरडले. फुईने निकाल दिला, "हाऊ पोटमां काही ठेवाव नही. याले पाप सांगू नका." पुढची तीन वर्षं आमचं गाव पापं साठवून ठेवायचं आणि विसरवाडीच्या फाट्यावरून बस धरून दुसऱ्या मिशनमध्ये रिकामं करून यायचं. दुसरे एक फादर चार ग्लास पाणी प्याले आणि "छान झालंय" म्हणाले. फुई म्हणाली, "याले काय सांगनं ते सांगा. मरी जाई, पन बोलाव नही." त्यांच्या काळात पापनिवेदनाला रांग लागायची. मीसुद्धा त्या रांगेत होते, काय सांगितलं ते मात्र विचारू नका.

आत्ताचे फादर वसईकडचे, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि विचारलं, "फुई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? काही दुखतंय?" फुई दाराआडून सरळ मागच्या अंगणात गेली. मी तिथे शेंगा निवडत होते. मला म्हणाली, "हाऊ मानूस धोकाना शे."

असं तिला आजवर कुणी विचारलेलं नव्हतं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मी अंगणवाडीत तीस वर्षं शिकवलं, पण मला गोष्टी उशिरानेच कळतात. याचा पुरावाच देते.

मी चोवीस वर्षांची असताना लग्न होऊन या गावात आले. सातवी पास. सगळ्या पाड्यात तेवढं शिकलेली सून मीच, त्यामुळे मान इतकी ताठ की डोक्यावर हंडा घेतला तर पाण्याला हेलकावा बसायचा नाही. सासऱ्यांचा रेडिओ ऐकून लोकांना बातमी समजावून सांगायचं काम माझ्याकडे. त्या वर्षी पोप वारले, नवे पोप निवडले गेले, आणि मी ते सगळं चावडीवर सांगितलं. महिन्याभराने रेडिओ पुन्हा तेच सांगू लागला, पोप वारले, नवे निवडणार. मी हसले. लोकांना म्हणाले, "आकाशवाणीवाले जुनीच बातमी लावतात, त्यांच्याकडे नवीन काही नसतं." त्या वर्षी मिशनला कायमचे फादर नव्हते, बाहेरचे एक फादर महिन्यातून एकदाच यायचे. पोप खरोखरच महिन्याभरात दुसऱ्यांदा बदलले होते, आणि माझ्या सातवी पासामुळे आमचं गाव पुढचे तीन-चार रविवार एका देवाघरी गेलेल्या माणसाच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करत राहिलं. फादर आले तेव्हा उलगडा झाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकटी फुई म्हणाली, "तिले काय बोलतस? आधी सांगा, त्यासले जेवाले कोन घाले? महिनामां मानूस मरस म्हंजे काय?"

फुई मूळची रनाळ्याकडची, म्हणून तिची बोली अहिराणी. आम्ही घरात आमची मावची बोलतो, पण फुई साऱ्या गावाशी अहिराणीतच बोलते. नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गुजरातेत ऊसतोडीला गेला, तो तिकडचाच झाला. तेव्हाच्या फादरांनी तिला मिशनच्या चुलीपाशी आणलं. पहाटे जायची, रात्री भांडी पालथी घालून यायची. फादरांना वाढून झालं की स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच दोन घास खायची. "बठी गयी तं उठाले वेळ लागस," म्हणायची.

यंदा ईस्टरच्या आधी फादर तिला म्हणाले, "फुई, खूप केलंत. जूनमध्ये हॉस्टेल उघडलं की सिस्टर माझा डबा पाठवतील. तुम्ही आता घरी आराम करा." त्यांच्या आवाजात खरी माया होती. त्या दिवशीची भाकर मात्र एका बाजूने करपली होती, आणि हे पन्नास वर्षांत पहिल्यांदा झालं.

ईस्टर झाला आणि पोप वारल्याची बातमी आली. रविवारी फादरांनी प्रवचनात सगळं सोपं करून सांगितलं. जगभरातले कार्डिनल रोमला जमतात, त्यांना दार लावून आत ठेवतात, ते चिठ्ठ्या टाकून नवा पोप निवडतात. मात्र ज्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली त्यांना आत जाता येत नाही.

मी पुढच्या बाकावर होते. मागून फुईने माझ्या पाठीत बोट खुपसलं. "काय सांगं? ऐंशी?"

"हो फुई. ऐंशी झाली की बाहेर."

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आधार कार्डवाला पोरगा गावात आला होता तेव्हा ज्यांना जन्मतारीख ठाऊक नव्हती त्यांना त्याने सरसकट एक जून दिली. आमच्या अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनला येतो. फुईचाही. आणि तिच्या कार्डाप्रमाणे येत्या एक जूनला तिला ऐंशी पुरी होणार होती. हॉस्टेल उघडतं जूनमध्ये. डबा सुरू होणार जूनमध्ये. फुईने हिशोब जुळवून टाकला. नियम रोमहून निघाला आहे आणि आमच्या मिशनच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचला आहे. फादर बिचारे हुकमाचे ताबेदार.

मी समजावलं, "फुई, तो नियम कार्डिनलांना. स्वयंपाकिणीला नाही."

"तू उगीमुगी ऱ्हाय. तुन्हा रेडिओ माले माहीत शे."

तिने उपाय काढला. मे महिना म्हणजे आमच्याकडे रोज संध्याकाळी एकेका घरी जपमाळ. प्रत्येक घरी शेवटी आपापली विनंती मोठ्याने मांडायची असते. कुणी पावसासाठी मागतं, कुणी सुनेच्या बाळंतपणासाठी. फुई रोज एकच मागायची, "देवा, पोप चांगला म्हातारा दे." लोकांना वाटलं, केवढी श्रद्धा! मला आतली गोष्ट ठाऊक होती. म्हातारा पोप आला तर तो म्हाताऱ्यांचा नियम रद्द करेल, असं तिचं राजकारण होतं.

कार्डिनल आत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाच-सहा बाया मिशनच्या ओट्यावर बसलो होतो. माझ्या नातीच्या मोबाइलवर रोममधलं एक धुराडं दिसत होतं. त्यातून काळा धूर निघाला. नात म्हणाली, "काळा म्हणजे अजून ठरलं नाही. ठरलं की पांढरा निघतो."

फुईने मोबाइल हातात घेतला, डोळ्याशी धरला. धुराच्या बाबतीत तिला शिकवणारा अजून जन्माला यायचा आहे. "धवळा धूर म्हंजे वल्लं लाकूड. त्यामां खूश व्हवासारखं काय शे? आनि हाई काळं कसानं? काय जाळतस?"

"चिठ्ठ्या, फुई."

"नुसत्या चिठ्ठ्या? त्यावर तवा तरी ठेवा म्हना. इतला मानसं कोंडी ठेवात, त्यासले गरम भाकर कोन देस? भुक्या पोटे मानूस कोनले बी निवडस."

सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत जास्त हसले. फुई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजत राहिली. रात्रीच पोप ठरले होते. ओट्यावर गाव जमलं. जीपवाला योहान विचारत होता, "आपल्याकडे येतील का हो? आले तर घाटात रस्ता होईल." सिस्टर डोळे पुसत होत्या. एक म्हातारबा म्हणाले, नाव बदललंय म्हणतात, मग आधीच्या नावाने केलेल्या कागदांचं काय? फुई गर्दीतून वाट काढत फादरांसमोर आली.

"वय कितलं शे?"

"सत्तरीच्या अलीकडेच आहेत फुई. तब्येत उत्तम आहे."

"पोऱ्याच शे मंग," फुई म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

तो चेहरा बघून मला राहवलं नाही आणि मी अक्कल चालवली. या वयातही सवय जात नाही. मी म्हणाले, "फुई, आधारची तारीख खोटीच आहे ना? फादरांकडे बाप्तिस्म्याचं रजिस्टर आहे. त्यात खरं वय असेल. तू कदाचित पंचाहत्तरचीच निघशील."

फुईचे डोळे चमकले. फादरांना नकार देता येईना. त्यांनी कपाटातून जुनं, वाळवीने कडा खाल्लेलं रजिस्टर काढलं. परदेशी फादरांचं तिरकं अक्षर. रोजा, आईबरोबर रनाळ्याहून आलेली, वय अंदाजे आठ वर्षं, आणि पुढे तारीख. फादरांनी बोटांवर मोजलं. मी मनात मोजलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"किती?" फुईने विचारलं.

फादर हळू आवाजात म्हणाले, "त्र्याऐंशी, फुई."

मग फुईने कमरेची स्वयंपाकघराची किल्ली सोडली, टेबलावर ठेवली. म्हणाली, "नियम म्हंजे नियम." बाहेर पडताना माझ्याजवळ थांबली. "आधार बरा व्हता वं. तुन्ही अक्कल तुन्हा जोडे ठेव."

त्या संध्याकाळच्या जपमाळेला कोणाचं घर, ते यादीत मीच लिहिलेलं होतं. फुईचं. दरवर्षी तिची पाळी आली की ती म्हणायची, "मन्हं घर लहान शे, फादरना रसोडामां करू." आता रसोड्याची किल्ली तिच्याकडे नव्हती. तेव्हा आम्ही तिच्या घरी गेलो. जवळजवळ पन्नास वर्षं शेजार, आणि तिच्या उंबऱ्याच्या आत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. ती घरी असायची तरी कधी?

घर सारवून लखलखीत. कोपऱ्यात चूल. चूलही लखलखीत. आत राख नाही, भिंतीवर काजळी नाही, बाजूला लाकडं नाहीत. नवी नवरी घरात येते त्या दिवशी असावी तशी चूल. मी वाकून हळूच विचारलं, "फुई, घरी स्वयंपाक करत नाहीस?"

"एकटीसाठी कसाले चूल पेटाडू?"

फादर माझ्या शेजारी गुडघ्यावर होते. त्यांनी ऐकलं. ते चुलीकडे बघत राहिले, आणि त्या दिवशी जपमाळेचे मणी त्यांच्याकडून दोनदा चुकले.

शेवटी विनंत्या सुरू झाल्या. नव्या पोपसाठी प्रत्येकाने काही ना काही मागितलं, आरोग्य, शांती, जगाचं भलं. फुईची पाळी आली. म्हाताऱ्या पोपचं मागणं आता संपलेलं होतं. ती डोळे मिटून म्हणाली, "देवा, त्या मानूसले घर नही, बायको नही, पोरं नहीत. सकायपासून मोठा मानूस व्हई गया, आते त्यानाजोडे कोनी बठाव नही. जेवाना टाइमले त्याना जोडे कोनी तरी बठाले दे."

योहानने टोपी काढली, जी त्याने जपमाळेआधीच काढायला हवी होती.

लोक पांगले. फादर निघाले नाहीत. चुलीपाशी मांडी घालून बसले. म्हणाले, "फुई, मला डबा नको. डबा उघडून एकट्याने खायचा, हे सेमिनरी सोडून चार वर्षं झाली तरी मला जमलेलं नाही. सिस्टरांना मी कळवतो. पण एक अट आहे. यापुढे तुम्ही उभ्याने खायचं नाही. माझ्यासमोर बसायचं."

"मंग हाई आधी का नही सांगं?" फुई त्यांच्यावर खेकसली. "आनि वयनं काय?"

"वय रजिस्टरमध्ये आहे. रजिस्टर कपाटात आहे."

फुईने पदराने नाक पुसलं आणि मला हाक मारली, "ए मास्तरीन, पीठ आन तुन्हा घरथून. लाकडं बी आन." मी पीठ आणलं, लाकडं आणली, लसणाची चटणीही आणली. चूल पेटायला वेळ लागला, पहिल्यांदाच पेटत होती. पहिली भाकर फुगली तेव्हा फुईने फळीवर हात घातला आणि तो तिथेच थांबला. घरात ताट एकच होतं.

"थांब, मी घरून एक आणते," मी म्हणाले आणि उठले.

"दोन आन," फुई म्हणाली. "तू काय उभी ऱ्हाशी?"

मी दोन आणली.