चार पट्ट्यांचा कोट

कोटाची पिशवी उघडली तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि सुनावणी अकराला होती. वकिलांच्या खोलीतल्या खुंटीला पिशवी अडकवून कॅप्टननं चेन खाली ओढली, तर आतून सोनेरी बटणं लकाकली. मागोमाग बाह्या दिसल्या. प्रत्येक बाहीवर कॅप्टनच्या हुद्द्याच्या चार सोनेरी पट्ट्या. वकिलाचा काळा कोट लॉन्ड्रीत राहिला होता आणि वैमानिकाचा काळा कोट कोर्टात आला होता.

त्यानं घरी फोन लावला.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, काळा कोट आणून ठेव," बायको म्हणाली. "दोन टाकले होते, एक झाला होता. तो आणला. निघताना तुम्ही यादीवर खूण केलीत की नाही?"

"केली."

"यादीत काय लिहिलंय?"

कॅप्टननं खिशातली यादी काढून पाहिली. "कोट, एक."

"मग एकच आहे ना?"

त्यानं फोन ठेवला. घर चाळीस मिनिटांवर, लॉन्ड्री त्याच्याही पुढे. कोटाशिवाय उभं राहणाऱ्या वकिलाचं या कोर्टात ऐकून घेत नसत, आणि आज ऐकून घेतलं जाणं फार गरजेचं होतं.

कॅप्टननं अठ्ठावीस वर्षं विमानं चालवली होती. पन्नाशी उलटल्यावर वैद्यकीय तपासणीत डावा कान नापास झाला आणि एका सहीनिशी तो जमिनीवर आला. लोकांनी सांगितलं, आता आराम करा. त्यानं विधी महाविद्यालयात नाव घातलं. पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला तेव्हा प्राध्यापक आले असं समजून सगळा वर्ग उठून उभा राहिला होता. पदवी मिळाली, सनद मिळाली, आणि त्यानंतरची तीन वर्षं हरवलेल्या बॅगांचे दावे चालवण्यात गेली. विमानाच्या खटल्यांखेरीज दुसरं काही घ्यायचं नाही असा त्यानं चंगच बांधला होता, आणि विमानाचे म्हणून जे खटले त्याच्याकडे यायचे ते बॅगांचेच असायचे.

आजचा वेगळा होता. बाहेर बाकावर बसलेल्या सहवैमानिक बाईंनी विमान उडवायचे धडे त्याच्याच शेजारी बसून गिरवले होते. एका सकाळी ब्रेकच्या बिघाडाचा दिवा लागलेला दिसला म्हणून त्यांनी उड्डाणाला नकार दिला. कंपनीनं त्यांना निलंबित केलं. कंपनीचं म्हणणं, बिघाड आधीच दुरुस्त झाला होता, बाईंनी उगाच हट्ट केला. विमानात एक नोंदवही असते. बिघाड तिच्यात लिहायचा, आणि दुरुस्त झाला की शेजारच्या चौकटीत इंजिनिअरनं सही करायची. त्या पानाचा फोटो बाईंनी तेव्हाच काढून ठेवला होता. चौकट कोरी होती. पण मूळ पान कंपनीला सापडत नव्हतं. तीन तारखांना तिनं तेच सांगितलं होतं: शोध सुरू आहे. फोटोची दाखल केलेली प्रत इतकी पुसट की न्यायाधीशांनी मोठी, ठसठशीत प्रत मागवली होती. ती आज द्यायची होती.

"माझा कोट घ्या, माझी केस दुपारी आहे," शेजारच्या खुर्चीवरचे एक वकील म्हणाले. कॅप्टनची उंची सहा फूट दोन इंच. बाह्या कोपरापाशी थांबल्या. त्यानं हात जरा पुढे केले, तशी पाठीची शिवण टर्रकन बोलली. त्या वकिलांनी कोट परत घेतला आणि उजेडाला धरून पाहिला.

आता उरला एकच मार्ग. टायपिस्टकडून ब्लेड घेऊन कॅप्टन पट्ट्या उसवायला बसला. त्या इतक्या मजबूत शिवल्या होत्या की विमान मोडलं तरी पट्ट्या टिकाव्यात. साडेदहा वाजले, पावणेअकरा वाजले. शेवटची पट्टी निघाली आणि त्यानं बाही पाहिली. इतक्या वर्षांत कोट विटून राखाडी झाला होता, आणि पट्ट्यांखालचं कापड मात्र नव्यासारखं काळं राहिलं होतं. चार सोनेरी पट्ट्यांच्या जागी चार काळ्या पट्ट्या उमटल्या होत्या. हुद्दा काही जायला तयार नव्हता.

फाटकाबाहेर एक म्हातारा बूटपॉलिशवाला बसे. कॅप्टननं कोट त्याच्यापुढे ठेवला.

"काका, बाह्या काळ्या करून द्या. बटणंही."

"साहेब, मी बुटं करतो."

"आज बाह्या करा."

म्हाताऱ्यानं बोटानं कापड चाचपलं. "करतो. पण वाळायला तासभर लागेल. तोवर कशाला हात लावू नका."

"माझ्याकडे नऊ मिनिटं आहेत."

अकराला दोन कमी असताना कॅप्टन कोर्टात शिरला. बाह्या काळ्याभोर दिसत होत्या आणि खोलीभर नव्या बुटांचा वास सुटला होता. समोर कंपनीचे ज्येष्ठ वकील बसले होते. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही अशी त्यांची ख्याती. त्यांनी नाक वर करून हुंगलं आणि स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

कॅप्टन दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभा राहिला. दहा मिनिटं त्यानं तसाच युक्तिवाद केला.

"वकीलसाहेब, हात का असे धरलेत?" न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"सवय आहे, मॅडम."

"बरं. ती मोठी प्रत द्या."

त्यानं दोन बोटांनी फायलीतून कागद उचलला. नेमका वरच्या पंख्याचा झोत त्याच क्षणी कागदावर आला. कागद फडफडून निसटायला लागला आणि कॅप्टननं तो हातानं दाबून धरला. अख्ख्या बाहीनं. कागद सुटला तेव्हा त्यावर एक जाड काळा फराटा होता, आणि तो बरोबर सहीच्या चौकटीवरून गेला होता.

कागद लपवायचा नाही, एवढं कॅप्टननं तिथल्या तिथे ठरवलं. होता तसा तो न्यायाधीशांपुढे ठेवला.

"हे काय आहे?"

"बूटपॉलिश आहे, मॅडम. चूक माझी आहे. कोटाला लावलं होतं. मी दुसरी प्रत–"

"दुसरी प्रत नको," ज्येष्ठ वकील ताडकन उठले. एवढी आयती संधी त्यांना बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती. "मॅडम, हा अपघात नाही. नेमकी तीच जागा काळी कशी झाली? कारण तिथे इंजिनिअरची सही आहे. बिघाड दुरुस्त झाल्याची सही. ती झाकायला हा सगळा खटाटोप."

"तिथे सही आहे?"

"ठळक सही आहे, मॅडम. निळ्या शाईत."

"पुसट प्रतीत तर काही दिसत नव्हतं. तुम्हाला शाईचा रंग कसा ठाऊक?"

"मूळ पानावर स्वच्छ दिसतोय की," ज्येष्ठ वकील म्हणाले, आणि मग त्यांनी तोंड मिटलं. पण उशीर झाला होता.

न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मूळ पान," न्यायाधीश सावकाश म्हणाल्या. "तीन तारखा सापडत नव्हतं, ते?"

"म्हणजे... कालच मिळालं, मॅडम."

"छान झालं. द्या इकडे."

ज्येष्ठ वकिलांच्या पोक्त सहायकानं मान खाली घालून बॅगेतून पान काढलं. न्यायाधीशांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. सही होती, निळ्या शाईतच होती. सहीखाली तारीखही होती. न्यायाधीशांनी ती मोठ्यानं वाचली. बाईंनी उड्डाण नाकारलं त्यानंतरची, दोन दिवसांनंतरची. त्या सकाळी बिघाड होता तसाच होता.

"तुम्ही ही तारीख वाचली नव्हती?" त्यांनी विचारलं.

आपलं वाक्य आपणच पुरं करू नये असं ज्येष्ठ वकिलांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

निलंबन रद्द झालं. सहवैमानिक बाईंना सोमवारपासून कामावर घ्यावं आणि पान दडवल्याबद्दल कंपनीनं लेखी खुलासा करावा असा आदेश झाला. बाहेर आल्यावर बाईंनी कॅप्टनचा हात हातात घेतला आणि मग स्वतःचा तळवा पाहिला. "असू दे," त्या म्हणाल्या. सहा महिने झाले, त्या रोज सकाळी उठून, कुठेच जायचं नसताना, घड्याळ लावून तयार होत असत, हे त्याला माहीत होतं.

त्या गेल्यावर व्हरांड्यात मागून कोणीतरी खाकरलं. ज्येष्ठ वकील उभे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"कॅप्टन, जरा विचारायचं होतं. संध्याकाळी मला परत जायचंय. याच कंपनीचं विमान आहे, तिकीट त्यांनीच काढलंय."

"बरं मग?"

"ते दिवे वगैरे... सगळेच वैमानिक बघतात ना?"

"बघायला पाहिजे," कॅप्टन म्हणाला.

या उत्तरानं ज्येष्ठ वकिलांचं समाधान झालं नाही.

"आजच्या विमानावर या बाई असणार का?"

"त्या सोमवारी रुजू होतील. तुमच्यासमोरच आदेश झाला."

ज्येष्ठ वकिलांनी मान डोलावली, चार पावलं चालून गेले, आणि जिन्यापाशी थांबलेल्या सहायकाला म्हणाले, "माझं तिकीट सोमवारचं करून घ्या."