तिसरा भाग आणि सात पेले

रविवारी दुपारी विनीताने माळ्यावरून रिकामं खोकं खाली काढलं, आत जुन्या वर्तमानपत्रांची गादी घातली आणि ओढणी खोचून टीव्हीसमोर उभी राहिली.

"संपला का गं गेम?"

"आई, सर ना बाजूला! जिना आलाय, शेवटचा."

हा गेम दिवाळीत पुण्याहून आला होता. विनीताच्या धाकट्या भावाने, मिहिरने, आपलं जुनं मशीन, त्याचा रिमोट आणि दोन डिस्का भाचीच्या हवाली केल्या होत्या. भाची म्हणजे मनस्विनी, घरातली मनू, अकरा वर्षांची, सहावीत. लातूरच्या ट्युशन एरियात सहावीतलं लेकरू फाउंडेशन बॅचला नसलं, की शेजारीपाजारी त्याची चौकशी ताप आल्यासारखी करतात. विनीता मूळची नांदेडची, बीएस्सी फर्स्ट क्लास, आणि काळजी करण्यात डिस्टिंक्शन. घराबाहेर पडताना गॅसचं बटण ती तीनदा बघायची आणि चौथ्यांदा बघायला अर्ध्या जिन्यातून परत यायची. तिने लेकीशी रीतसर करार केला होता. गेमचे दोन्ही भाग संपले की मशीन खोक्यात, आणि सोमवारपासून फाउंडेशन.

कराराला साक्षीदार होते अण्णा, म्हणजे विनीताचे सासरे मार्तंडराव, निवृत्त प्राथमिक शिक्षक. अभ्यासाला त्यांचा पाठिंबा होता, पण गेममधल्या कंदीलवालीत त्यांचा जीव अडकला होता. जमिनीखालच्या शहरात हरवलेल्या भावाला शोधायला एक पोरगी कंदील घेऊन उतरते, तो पहिला भाग. भाऊ सापडतो आणि त्याला पाठीवर घेऊन ती वर चढू लागते, तो दुसरा. अण्णा दिवाणावर बसून तिला सूचना द्यायचे. "हळू चढ माय, भिंतीकडनं चाल. ती मधली पायरी पोकळ दिसायलीय."

दगडामातीखालचं जग अण्णांना चांगलंच ठाऊक होतं. सव्वीस वर्षांपूर्वीच्या भूकंपात, औशाकडच्या आपल्या गावी, ते साडेपाच तास ढिगाऱ्याखाली होते. उजव्या हाताची बोटं तेव्हापासून नीट वळत नव्हती. आणि तेव्हापासूनच त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेवर स्टीलच्या सात पेल्यांचा मनोरा असायचा, एक उलटा, एक सुलटा, असा रचलेला. भूकंपानंतर तिकडे कितीतरी घरांतून असे मनोरे उभे राहिले होते. जमीन हलली की पेले पडणार, पेले पडले की बाहेर पळायचं. पुढे लोकांनी ते पेले मांडणीवर ठेवले आणि त्यातून पाणी प्यायला सुरुवात केली. अण्णा मात्र रोज सकाळी धुऊन, पुसून पुन्हा रचायचे. इतक्या वर्षांत मनोरा एकदाही आपोआप पडला नव्हता, आणि त्याची थट्टा झाली नाही असा एक आठवडाही गेला नव्हता.

पडद्यावर कंदीलवाली शेवटच्या जिन्यावर आली. वर दार, दारातून येणारा उजेड, आणि मध्ये फक्त दहा पायऱ्या. इतक्यात जिना हादरू लागला. गेममध्ये धक्का बसला की मनूच्या हातातला रिमोटही थरथरायचा, तसा तो थरथरला. कंदीलवाली जागच्या जागी थांबली आणि खाली इंग्रजी अक्षरं उमटली.

"पुढची गोष्ट तिसऱ्या भागात," मनूने वाचून दाखवलं.

"मग लाव की तिसरा," अण्णा म्हणाले.

मनूने रिमोट शेजारच्या ट्रंकेवर टाकला, आईचा फोन ओढून घेतला आणि शोधाशोध केली. हळूहळू तिचा चेहरा उतरला. "तिसरा निघालाच न्हाई, आजोबा. तीन भागांत काढणार होते. दोन काढले आन् कंपनीच बंद पडली. बारा वर्षं झाली."

"मग त्या लेकराचं काय झालं?"

"काहीच न्हाई झालं. बारा वर्षं झाली, तिथंच उभी हाय."

"म्हणजे संपला," विनीता म्हणाली. "चला, घाला खोक्यात."

"संपला कुठं? करार काय होता, संपला की! संपलाच न्हाई तर करार कसा लागू होतो?"

"मनू, वकिली नको. अण्णा, तुम्हीच सांगा हिला."

अण्णांनी चष्मा काढून निकाल दिला. "संपला न्हाई. पोरगी दाराच्या तोंडाशी अडकलीय, आन् तू खोकं दाखवायलीस?"

आजोबांचा निकाल मिळूनही मनूला रडू आवरेना. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजकडे तोंड करून उभी राहिली. विनीता समजूत घालायला मागोमाग गेली. "अगं, गेम आहे तो" हे वाक्य तिने उच्चारलं आणि बाहेर खणखणाट झाला. सात पेल्यांचा.

"बाहेर!" अण्णांचा आवाज आला. वर्गात साठ पोरांना गप्प करणारा तो जुना आवाज. "बाहेर व्हा समदे! पेले पडले!"

विनीताने आयुष्यात पहिल्यांदा गॅसचं बटण एकदाच बघितलं. एका हातात मनू, दुसऱ्या हातात उगाचच कणकेचा डबा, आणि पायात काही नाही, अशी ती जिना उतरली. बनियनवरचे अण्णा तिच्याही पुढे होते.

खालच्या मजल्यावर नागुबाईंची मेस होती. त्या लाटणं घेऊनच दारात आल्या. "काय झालं ओ गुरुजी?"

"पेले पडले!"

पेल्यांची सर्वांत जास्त थट्टा नागुबाईच करायच्या. पण त्या क्षणी त्यांनी लाटणं आकाशाकडे करून अशी आरोळी ठोकली की शेजारच्या हॉस्टेलच्या तिन्ही मजल्यांवरून मुली खाली आल्या, कुणी ओल्या केसांनी, कुणी बोट घातलेलं पुस्तक तसंच धरून. या गावात अनवाणी पळणाऱ्या माणसाला कुणी कारण विचारत नाही. आधी त्याच्यासारखं अनवाणी पळतात.

समोरच अमृतराव सरांचे क्लासेस होते. वरच्या हॉलमध्ये तीनशे चाळीस मुलांची साप्ताहिक टेस्ट चालू होती आणि सुपरव्हिजनला होता विनीताचा नवरा, राघवेंद्र. फिजिक्सचा सर. भूकंपाच्या लहरी कशा प्रवास करतात हे तो गेली अकरा वर्षं फळ्यावर काढून शिकवत होता. त्याने खिडकीतून बघितलं, तर रस्त्यावर बनियनमधला बाप, अनवाणी बायको आणि रडवेली लेक. लहरींचा विचार न करता तो ओरडला, "पळा!"

दहा-बारा मिनिटांत रस्ता भरून गेला. आता प्रत्येकाला आपापला धक्का आठवू लागला. नागुबाईंना दोन जाणवले होते, एक आडवा आणि एक उभा. एक मुलगा म्हणाला, "मला तर सतराव्या प्रश्नापासूनच समदं फिरायलं होतं." देगलूर, कंधारहून आयांचे फोन सुरू झाले. "जेवलास का?" हा प्रश्न पहिल्यांदाच दुसऱ्या नंबरवर गेला होता. अर्ध्या तासात बातमी अशी आली की तिकडे जळकोटलाही लोक घराबाहेर येऊन उभे आहेत, कारण लातूरचे लोक उभे आहेत असं त्यांना कळलं होतं.

मग कुणीतरी फोनवर नीट बघून सांगितलं, की आज भूकंपाची कुठेच नोंद नाही.

गर्दीतून वाट काढत अमृतराव सर आले. "टेस्ट बोंबलली. पहिली हाक कुणी मारली? राघवेंद्र सर, पोरांना पळा म्हणालात तुम्ही. कशावरून?"

राघवेंद्रने वडिलांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "वाटलं मला, सर."

"वाटलं? उद्या दहाला ऑफिसात या. वाटण्यावर माझे क्लासेस चालत न्हाईत."

विनीता वर आली तेव्हा घरात कुठूनतरी घर्र, घर्र असा आवाज येत होता. पेले फरशीवर विखुरले होते. ट्रंकेवर, अगदी पेल्यांच्या जागेवर, रिमोट अजून थरथरत होता. पडद्यावर कंदीलवाली त्याच पायरीवर उभी होती आणि तिच्याखालचा जिना अजून हलतच होता. एरवी गेममधला धक्का चार क्षणांत थांबायचा. हा मात्र तिसऱ्या भागात थांबणार होता, आणि तिसरा भाग निघालाच नव्हता. विनीताने मशीन बंद केलं.

संध्याकाळी तिने राघवेंद्रला सगळं सांगितलं, दार लोटून, हळू आवाजात.

"सरांना सांगून टाका. नोकरीचा प्रश्न आहे."

"काय सांगू? आमच्या वडिलांनी एका खेळण्याला घाबरून गाव बाहेर काढलं म्हणून? गल्ली त्यांना जगू देईल का?"

"मग नोकरी जाऊ द्यायची?"

पलीकडच्या खोलीतून आवाज येत होता. टण्, टण्. अण्णा पेले पुन्हा रचत होते.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला विनीता घरातून निघाली. भाजीच्या पिशवीत खाली रिमोट, वर मेथीची जुडी. वाटेत तिने वाक्य पाठ केलं. सर, पेले माझ्या हातून पडले, झाडताना. अण्णांचा दोष नाही, ह्यांचा तर नाहीच नाही. घरात गेम मी येऊ दिला, शिक्षा मला करा. ऑफिसचं दार उघडलं आणि पाठ केलेलं सगळं विसरली. अमृतराव सरांसमोर, बशीत चहा ओतून, अण्णा बसले होते.

"ये पोरी. रिमोट आणलास का?"

"अण्णा! तुम्हाला ठाऊक होतं?"

"डोळ्यांनी बघितलं की. सरकत सरकत आला आन् पेल्याला भिडला."

"आणि तरी ओरडलात? कामून?"

अण्णांनी बशी खाली ठेवली. "भूकंपाच्या आधी वरीसभर आमच्याकडं जमीन हलायली होती, विनीता. दर टायमाला आम्ही कारण शोधायचो. ट्रक गेला आसंल. हिरीत सुरुंग लावला आसंल. कारण घावलं की पुन्हा गोधडी अंगावर. शेवटच्या टायमालाबी मी कारणच शोधत होतो." त्यांनी आपल्या न वळणाऱ्या बोटांकडे बघितलं. "तवा ठरवलं. पेले पडले की आधी बाहेर. कारण नंतर बघायचं."

अमृतराव सर टेबलावरच्या काचेकडे बघत होते. "वहिनी, बसा. काल मी कॅमेऱ्यातलं चित्रण चारदा बघितलं. तीनशे चाळीस लेकरं एका दारातनं निघाली. अकरा मिनिटं. मागचा जिना मोकळाच नव्हता, त्याच्यावर नोट्सचे गठ्ठे. ते मीच ठेवायला लावले होते." त्यांनी चहाची बशी अण्णांकडे सरकवली. "खरा असता तर? लोकांनी आपली लेकरं माझ्या भरवशावर धाडलीत. गुरुजींचे उपकार झाले म्हणायचे माझ्यावर."

त्याच वेळी राघवेंद्र आत आला. रात्री जागून लिहिलेला राजीनामा त्याने टेबलावर ठेवला. सरांनी तो न वाचता उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर मागच्या जिन्याचा नकाशा काढायला घेतला. "या, राघवेंद्र सर. बरं झालं कागद आणलात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दोन वाजता, समदी गल्ली बाहेर काढायची. सवय पाहिजे. गुरुजी, तुम्ही पेले पाडायचे."

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"का?"

"हातानं पाडलेल्या पेल्यांवर मी ओरडणार न्हाई. खोटं ओरडलो तर उद्या खऱ्याला कोण येईल? पेले आपणहून पडले पाहिजेत."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू मेथीच्या जुडीकडे वळल्या.

रिमोट तेवढा वेळ थरथरायचा तो फक्त शेवटच्या जिन्यावर. म्हणजे दर महिन्याला कुणीतरी कंदीलवालीला तिथवर पोचवायला हवं होतं. अण्णांची बोटं वळत नव्हती. राघवेंद्र सुपरव्हिजनला. आणि मनू? मशीन खोक्यात जाणार नाही म्हटल्यावर ती खुशीत अमृतराव सरांकडे फाउंडेशनला जाऊ लागली होती आणि रविवारी दोनला तिचीच टेस्ट असायची. राहिली विनीता.

मनूने आईला तीन आठवडे शिकवलं. वहीचं पान फाडून तिच्यासाठी नोट्ससुद्धा काढल्या. "महत्त्वाचे मुद्दे: एक, वटवाघळं आली की कंदील विझव. दोन, मधली पायरी पोकळ आहे. तीन, घाबरू नकोस, मेलीस तरी परत येतेस." तिसरा मुद्दा विनीताने दोनदा अधोरेखित केला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती रिमोट धरून टीव्हीसमोर मांडी घालून बसली. खाली नागुबाई दारात उभ्या होत्या, चपला घालून. मागच्या जिन्यावर एक कागदही नव्हता. विनीताने वटवाघळं चुकवली, पोकळ पायरी ओलांडली. कंदीलवाली भावाला पाठीवर घेऊन वर आली. दहा पायऱ्या राहिल्या. तळहातात थरथर सुरू झाली. विनीताने रिमोट ट्रंकेवर अलगद ठेवला. तो सरकत गेला, पेल्यांना भिडला. खणखणाट झाला.

"बाहेर!" अण्णा गरजले. "बाहेर व्हा समदे!"

विनीता धावली, आणि दारात एकाएकी थांबली. मागे वळून तिने पडद्याकडे बघितलं. कुठल्या परक्या शहरात बसून कुणी ही गोष्ट मांडली असेल, तीन भागांची स्वप्नं बघितली असतील, आणि दोनवर दुकान बंद करताना किती हळहळले असतील. त्यांना कुणी सांगायचं, की तुमचं अर्धं राहिलं म्हणून आमच्या लेकरांना मागचा जिना सापडला? तिने टीव्हीला मनापासून हात जोडले. "उपकार झाले गं तुझे," ती कंदीलवालीला म्हणाली. "थोडं थांब. खाली जाऊन आले की बंद करते."

ती रस्त्यावर पोचली तेव्हा तीनशे चाळीस मुलं रांगेत उभी होती, हॉस्टेलच्या मुली उभ्या होत्या, नागुबाई, राघवेंद्र, अण्णा, सगळे उभे होते. अमृतराव सरांनी हातातलं घड्याळ थांबवलं.

"चार मिनिटं दहा सेकंद," ते म्हणाले. "पोरं तीन मिनिटांत आली होती. सगळ्यात शेवटी तुम्ही, वहिनी."

"मी... गॅस बघत होते," विनीता म्हणाली.

रांगेतून मनू खुसखुसली. अण्णांनी सुनेकडे चष्म्यावरून बघितलं आणि तिच्या हातावर तिच्याच चपला ठेवल्या. येताना त्यांनी त्या आठवणीने उचलून आणल्या होत्या, आणि दाराबाहेरून एकदा मागे वळूनही बघितलं होतं.

"पुढच्या टायमाला आधी बाहेर, पोरी," ते म्हणाले. "नमस्कार नंतर."