रस्ता वजा करून डिझेल

आमची मंदाआत्या जिंतूरच्या पंपावर प्लास्टिकचा कॅन ठेवते आणि तिथल्या माणसाला सांगते, "रस्ता वजा करून डिझेल दे."

माणूस नवा असेल तर आधी मशीनकडं बघतो, मग कॅनकडं, मग मालकाकडं. जुना माणूस मान खाली घालून नळी कॅनात सोडतो, कारण पुढचं सगळं त्याला पाठ आहे. "डिझेलवर रस्त्याचा उपकर लागतो का न्हाई? लागतो. माझी होडी रस्त्यावर चालती का? न्हाई. येलदरीच्या धरणात चालती. तिथं डांबर हाय का? निदान खड्डे तरी हायेत का? मंग रस्त्याचे पैसे कशाचे घेता, सांगा बरं!" मागं ट्रॅक्टरवाल्यांची रांग लागते, हॉर्न वाजतात. आत्या वळून म्हणते, "वाजवा, वाजवा. तुमच्यासाठीच भांडायले मी."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. बोरीच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाली आणि आमच्याकडं राहायला आली. वर्षभरात तिनं साठवलेल्या पैशातून काय घ्यावं? एक जुनी लोखंडी होडी! ओळखीच्या मिस्त्रीला गाठून तिच्यावर विहिरीवरचं जुनं डिझेल इंजन बसवून घेतलं, खाली पंखा लावला. हे इंजन असं बोंबलतं की धरणाच्या भिंतीवर उभ्या माणसालाही कळतं, बाई निघाल्या. दर रविवारी सकाळी ती पाण्यावर एक चक्कर मारते. मासे धरत नाही, माणसं नेत नाही, पलीकडच्या काठाला कुणी सोयरा नाही. जाते आणि येते.

आमच्या परभणी जिल्ह्यात डिझेल तसंही महागच. त्यात कर वाढला की वडील पेपरामागून बोलतात, "मंदे, परत वाढलं बघ."

"वाढू दे की. मी कुठं कमी व्हायले?"

बरं, कर कमी झाला तर तिनं गप्प बसावं. ते नाही. त्या दिवशीही ती पंपावर हजर. "एवढ्यात भागत होतं, तर आजवर जास्तीचं का घेतलं?" पंपाच्या मालकानं तिच्यापुढं हात जोडले होते.

सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. शेजारचे रिटायर तलाठी म्हणाले, "बाई, मच्छीमारांच्या सोसायटीत नाव घाला. त्यांना करात सूट मिळती म्हणं." आत्या उसळली. "मी एक मासा धरत न्हाई. खामखा खोटं का सांगू? मी हौस म्हणून फिरते. हौसेवर सूट हाय का, ते इचारून या." तलाठीकाकूंनी तीर्थयात्रा सुचवली. झालं! "जीप करून गावोगावचे देव फिरले असते, तर डिझेलचा भाव इचारला असता का तुमी? उलट पाया पडला असता. बाईमाणसानं देवासाठी जाळलं की पुण्य, सोतासाठी जाळलं की माज. व्हय, हाय माज. मंग?"

काकूंनी चहा अर्धा ठेवून घर गाठलं.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. म्हणजे घरातला शहाणा मी. मध्यंतरी कर पुन्हा वाढला आणि आत्याच्या पेन्शनीतून दर रविवार झेपेना. एक रविवार घरी बसली तर दिवसभर कुणाशी बोलली नाही. मी तोड काढली. "आत्या, बॅटरीवरची मोटर बसवून देतो. डिझेल न्हाई, कर न्हाई, धूर न्हाई. आन् आवाज तर अजिबातच न्हाई."

"आवाज न्हाई?"

"जरासुद्धा न्हाई."

"मंग काय करायची तिला?" ती उठून आत गेली आणि रात्री जेवलीही नाही.

मलाही राग आला. आवाजासाठी कुणी पैसे मोजतं का, च्यायला! मी वालूरचं एक गिऱ्हाईक बघून ठेवलं इंजनासाठी, आणि पुढच्या रविवारी गोडीत पटवावं म्हणून स्वतःच तिच्यासोबत होडीत बसलो.

ती मागं इंजनापाशी, मी पुढच्या टोकाला. काठ सुटला, इंजन बोंबलायला लागलं, माझं गोड बोलणं तोंडातच राहिलं. मधेच वळून बघितलं तर आत्याचे ओठ हलत होते, हातवारे चालले होते. सरकारला शिव्या घालत असणार, म्हणून मी हसलो.

भाव वाढल्यापासून ती टाकीत जेमतेमच डिझेल घालत होती. वळणावर होडी कलली, पाइपात हवा शिरली, इंजन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. आत्याचं बोलणं मात्र लगेच थांबलं नाही.

"...आन् वहिनीनं परत वरणात गूळ घातला, इंदे. तू असतीस तर ताट सरकवलं असतंस. मी गुमान खाल्लं. लय आठवण येती गं तुजी, लय..."

मग ती थांबली. पाण्यावर दुसरा कसलाच आवाज नव्हता.

इंदूबाई आत्याच्याच शाळेत शिकवायच्या. बोरीला दोघी एका खोलीत राहिल्या, एका स्टोव्हवर रांधलं, सगळी नोकरी तशी काढली. त्या वारल्याची बातमी आली तेव्हा आत्या आमच्याकडं होती. नात्यातलं कुणी गेलं तर सुतक असतं, लोक भेटायला येतात, माणसाला दहा दिवस हक्कानं रडता येतं. मैत्रिणीचं सुतक नसतं. त्या संध्याकाळी आत्याला हुंदका आवरेना, तर घरी आलेल्या एका पाहुणीनं विचारलं, "कोण लागत होत्या त्या तुमच्या?" आत्या म्हणाली, "कुणी न्हाई," आणि पोळ्या लाटायला गेली. आमचं घर लहान, माणसं खंडीभर. मोरीत रडावं तर बाहेरून कुणीतरी कडी वाजवतं. होडी आली ती त्यानंतर.

आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यावर डोळे वटारले.

"काय बघायलास? बोलते मी तिच्याशी. मोठ्यानं बोलते. रडतेबी. घरी केलं तर डॉक्टरकडं न्याल मला. हितं हे बोंबलतंय तवर कुणाच्या बापाला ऐकू जात न्हाई. त्याचे पैसे देते मी. कर लावा, उपकर लावा, काय लावायचं ते लावा. इंजन इकणार न्हाई."

वालूरच्या गिऱ्हाइकाचं नावही मी काढलं नाही. कॅनातलं उरलेलं डिझेल टाकीत ओतलं, नट सैल करून पाइपातली हवा काढली आणि हँडल मारलं. इंजन धडधडलं. मी रेस वाढवली, कानठळ्या बसेपर्यंत वाढवली.

"आत्या," मी तिच्या कानाशी ओरडलो, "बोल आता!"

आणि पुढं जाऊन तिच्याकडं पाठ करून बसलो.