राणीसरकारांचा घसा

संध्याने अकरा वर्षं दासीचं काम केलं होतं. बोनकोडे गावच्या जत्रेतलं नाटक दर वर्षी नवं, दासी तीच आणि वाक्यही तेच : 'होय, राणीसरकार.' राणी कायम थोरली जाऊ, भाविका.

यंदाची राणी तर फारच मोठी होती. ती कपटाने सवतीला महालाबाहेर काढते, गादीवर बसते आणि शेवटी मनाच्या टोचणीने वेडी होऊन, चार पानी स्वगत बोलून मरते. चार पानं! तालमीत दिग्दर्शकाकडून ऐकून ऐकूनच संध्याला ती पाठ झाली होती. भाजी चिरताना ती रोज एकदा मरायची.

म्हणून मंगळवारी मोरा गावी, नात्यातल्या हळदीत, तिने सगळ्यांदेखत म्हटलं, "धवले म्हनाय आमच्या वैनीसारखी कोन नाय!"

धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला एकदा बसलं की रात्रभर मध्ये उठता येत नाही. धवलारणी ओळ टाकत गेल्या, भाविका म्हणत गेली. बुधवारी ती नुसते हातवारे करत होती.

गुरुवारी प्रयोग.

(पडद्यामागे. मुकुट संध्याच्या डोक्यावर. टोचतो.)

"वैनीनं स्वतःची नथ पाठवलीय तुला," दिग्दर्शक इंद्रजित म्हणाला. "पुढच्या रांगेत बसनार बोलली. म्हंजे, लिहून दिलं."

"पुढच्या?"

"तुला धीर यावा म्हनून. टेन्शन नको घेऊ."

(पहिला अंक. बरा जातो.)

(दुसरा अंक. राणी सवतीला हाकलते. पहिल्या रांगेत मफलर गुंडाळलेली भाविका गरम पाण्याचा घोट घेते आणि अंगठा वर करते. राणी दोन वाक्यं गाळते.)

मध्यंतरात सासू पुतळाबाई मुठीत वेलदोडे घेऊन आल्या. "भाविकानं दिलेत. तुजा घसा जप, बोलते. असली जाव मिलाया नशीब लागतं."

संध्याने एक तोंडात टाकला. तो गिळवेना, थुंकवेना.

(तिसरा अंक. स्वगत.)

"मीच तिला बाहेर काढलं," संध्या म्हणाली. इथवर नाटकातलं होतं. "कौतुक करून काढलं!" हे नव्हतं. विंगेत इंद्रजितने वही उघडली.

"मोऱ्याला! हळदीत! घसा जावा म्हनून धवले म्हनाय बसवली! वैनी, दासी होऊन कंटालली गं मी!"

इंद्रजित पानं मागे-पुढे करत राहिला. मोरा कुठल्याच पानावर नव्हता.

राणी रंगमंचावरून खाली उतरली आणि भाविकाच्या पायांवर कोसळली. मरण तेवढं संहितेप्रमाणे झालं.

टाळ्या थांबेनात. जत्रेतल्या नाट्यस्पर्धेचे परीक्षकही उभे राहिले. पहिलं बक्षीस जाहीर होईपर्यंत इंद्रजितने ती वाक्यं वहीत उतरवूनही घेतली. "अशीच ठेवायची. अजून नऊ गावांत प्रयोग हाय."

घरी जाताना रिक्षात पुतळाबाई एका कडेला तोंड फिरवून बसल्या. हळदीला त्या स्वतः हजर होत्या. त्यांना नाटक आणि खरं यातला फरक कळत होता. संध्या मधोमध, मान खाली घालून. पलीकडे भाविका.

"सरक जरा," संध्याच्या कानाशी कुणीतरी स्वच्छ आवाजात म्हणालं.

संध्या दचकली. "वैनी! तुजा आवाज?"

"सकालीच आला."

"मग?"

"चार पानं, बाय," भाविका कुजबुजली. "दोन म्हयने दुसऱ्या पानापुढं गाडीच जात नव्हती. तू पावलीस." तिने मफलर घट्ट केला, पुतळाबाईंच्या दिशेने एकदा खोकली, आणि पुन्हा कानाशी आली. "आईंना बोलू नको."

संध्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

"होय, राणीसरकार."