नावांच्या शेपटांची आणि बिननावी महाराजांची बखर

श्रीगजाननास वंदन, वाग्देवीस वंदन, आणि नाव व शेपूट यांचे मध्ये बसोन दोहींची भांडणे निमूट पाहणारा जो ठिपका, त्यासही वंदन. शके एकोणीसशे चौतीस. संवत्सराचे नाव एका सावकाराने आगाऊ घेऊन ठेविले आहे, सबब लिहिता येत नाही. लिहिणाराचेही नाव पुसू नये. ते कोणी 'पोटदुखी' या शेपटासह अडवून ठेविले, आणि सोडवून घेण्यास गेलो तो किंमत ऐकोन खरीच पोटदुखी जाहली. ज्या राज्याची ही हकीकत, त्याचे नावाचीही तीच गत. असो.

त्या राज्यात प्रत्येकाची दोन घरे असत. एक जमिनीवर, जेथे जेवावे, निजावे आणि शेजाऱ्याशी भांडावे. आणि दुसरे आकाशपेठेत, जे नुसत्या डोळ्यास दिसत नसे, परंतु हातातले काचेवर बोटाने पत्ता लिहिला की दार उघडे आणि सातासमुद्रापलीकडला माणूसही आत येऊन दुकान पाहून जाई. पत्ता म्हणजे आधी नाव, मग ठिपका, आणि ठिपक्यापुढे शेपूट. वडिलांचे वेळेस शेपटे मोजकी होती. व्यापाऱ्यास एक, संस्थेस एक, दरबारास एक, आणि कशातच न बसणारास एक, ऐसा सुटसुटीत कारभार होता आणि लोक सुखी होते. मग लोक वाढले आणि चांगली नावे संपली, आणि एकाच नावाचे दोन हलवाई नावे नोंदविण्याची जी नामचावडी, तीवर येऊन एकमेकांच्या पगड्या ओढू लागले, आणि तक्रार हुजूर आली. तेव्हा दिवाण अंताजीपंत, जे बहुत हुशार आणि दुखणे लहान असेल तर औषध देऊन मोठे करावे या मताचे, त्यांनी हात जोडोन अर्ज केला की, "सरकार, नावं संपली तर संपू देत. शेपटं आपल्या हातची आहेत. ती वाढवू." महाराज म्हणाले, "किती वाढवाल?" पंत म्हणाले, "खजिना भरेपर्यंत." हा जाब महाराजांस फार मानवला आणि पंतांस शालजोडी मिळाली.

मग नव्या शेपटांचा लिलाव पुकारला गेला. दुकान, मंडळी, वरात, लोणचे, माहेर, वादविवाद, जावई, ऐसी शेकडो शेपटे निघाली. त्यांत जावई सर्वांत महाग गेले आणि घेणाराने आयुष्यभर त्याचे मानपान पुरविले, उत्पन्न काही पाहिले नाही. मग रयतेत भय शिरले. शुद्ध शाकाहारी खानावळवाल्याने आपले नाव 'मटण' या शेपटासह घेतले, भजनी मंडळाने 'दारू' घेतले, आणि आमचे वैद्यबुवांनी 'स्मशान' घेतले. मी पुसिले, "बुवा, हे कशाला?" तर बुवा चिडोन म्हणाले, "दुसऱ्यानं घेतलं असतं तर माझ्याकडे रोगी आला असता का? तुम्हाला काय कळतंय!" ऐसे करिता करिता ज्यास एक घर पुरत होते तो चाळीस घरांचा धनी जाहला आणि एकोणचाळीसांस कुलूप लावून बसला, आणि आकाशपेठेत जावे तर दारोदार एकच पाटी की, 'हे नाव विकणे आहे, आत चौकशी करावी', आणि आत कोणी नाही. तितक्यानेही पंतांचे पोट भरेना. त्यांनी फर्मान काढिले की, जो नावाचा धनी, त्याचे परवानगीवाचून त्या नावाने कोणी कोणास हाक मारू नये, मारील त्याने धन्यास पट्टी द्यावी. मग गल्लीगल्लीतून आया आपल्या पोरांस, "ए निळ्या सदऱ्या, घरी ये" ऐसे बोलावू लागल्या आणि निळ्या सदऱ्याची सगळीच पोरे घरी येऊन जेवून जाऊ लागली.

या गदारोळात सावळशेट म्हणोन एक गृहस्थ उदयास आले. यांचे दुकान नव्हते, शेत नव्हते, अंगी कोणती कला नव्हती. नामचावडीचे ओट्यावर पानाचा डबा उघडोन दिवसभर बसावे, कोण काय नाव पुसतो ते ऐकावे, आणि पुसणारा पायरी उतरला की आत जाऊन तेच नाव सर्व शेपटांसह आपले करावे, हाच त्यांचा उद्योग. नावे ते लोणच्यासारखी ठेवीत. म्हणत, "मुरू द्या. घाई कशाला?"

ऐसियात राजवाड्यात राणीसाहेब प्रसूत होऊन पुत्ररत्न जाहले. साखर वाटली, नौबत झडली. परंतु राणीसाहेबांची याआधीची दोन लेकरे बारशाआधीच गेली होती आणि त्यांस नाव ठेविण्याचीही सवड देवाने दिली नव्हती. म्हणोन त्या माउलीचे मनात एकच होते की, या लेकरास नाव असावे आणि आपण त्या नावे हाक मारावी आणि त्याने ओ द्यावी. दुसरे काही मागणे नव्हते. हे लिहिताना मजला अजून वाईट वाटते.

नाव ठेविण्याचा मान आत्याचा. महाराजांच्या थोरल्या भगिनी साळूबाईसाहेब, यांचा आवाज खणखणीत आणि मुहूर्तावर श्रद्धा अपार. शिंक आली तरी पंचांग पाहून पुसावी ऐशा. त्या मेण्यात बसोन चावडीवर गेल्या आणि भर ओट्यावरोन कारकुनास म्हणाल्या, "काय हो, भुवनभास्कर मोकळं आहे का?" कारकून म्हणाला, "आहे, आत्यासाहेब. आत्ताच लिहून घेऊ?" आत्यासाहेब म्हणाल्या, "आत्ता? राहुकाळ लागलाय! राजाच्या पोराचं नाव राहुकाळात घ्यायचं? उद्या चांगल्या मुहूर्तावर येते." आणि स्वारी परतली. सावळशेटजींस राहुकाळाचे पथ्य नव्हते. त्यांनी पिंक टाकिली आणि आत गेले. दुसरे दिवशी आत्यासाहेब सुमुहूर्तावर वाजतगाजत आल्या तो भुवनभास्कर गेलेले. मग रणकेसरी पुसिले, ते मोकळे होते, परंतु तिथी क्षयाची म्हणोन परतल्या, तेही गेले. मग विजयकेतू, मग कीर्तिसागर, मग शेवटी नुसते सागर. पुसावे, मोकळे असावे, पंचांग काढावे, आणि मुहूर्तावर यावे तो गेलेले. आत्यासाहेबांस यात शेटजींचा हात दिसेना. त्या म्हणाल्या, "पोराचे ग्रहच वाईट आहेत," आणि ग्रहशांती केली. एक दिवस मात्र संताप अनावर होऊन कारकुनाचे अंगावर ओरडल्या, "मग 'मेल्या तोंड काळं कर' हे तरी मोकळं आहे का?" कारकुनाने पाहून सांगितले, "आहे." घटकाभरात तेही गेले, 'दरबार' या शेपटासह.

बारशाचा दिवस आला आणि पाहुणे जेवले आणि पाळणा हलला, परंतु नाव नाही. गाणाऱ्या बायका पाळण्यात नाव यावयाचे जागी आल्या की खोकत. राणीसाहेब नणंदेस म्हणाल्या, "वन्सं, विचारायला जाऊच नका ना. आपल्या घरात आपलं पोर. ठेवू या एक नाव." आत्यासाहेब म्हणाल्या, "वहिनीसाहेब, असं कसं? मोकळं आहे की नाही ते पाहायला नको? लोक काय म्हणतील, दुसऱ्याच्या नावावर राजपुत्र वाढवला?" आणि पुन्हा मेणा मागविला.  मग राणीसाहेब पाळण्यापाशी गेल्या आणि ओणव्या होऊन लेकराचे कानात काही बोलल्या. काय बोलल्या ते कोणी ऐकिले नाही. इतके मात्र सर्वांनी पाहिले की त्या दिवसापासोन त्या आत जाऊन महालाचे दार लोटोन घेत, आणि रडते लेकरू गप्प होई.

पुढे युवराज वाढले. गुरुजी हजेरीत 'हे' ऐसे म्हणत आणि युवराज हात वर करीत. मग थोरले महाराज कैलासवासी जाहले आणि युवराजांस गादीवर बसविले, तेव्हा द्वाही कोणाची फिरवावी हा पेच पडला, आणि पंतांनी ठरविले की, "जे बसले आहेत त्यांचा अंमल" ऐसे पुकारावे. नाण्यावर एका बाजूस सूर्य काढिला आणि दुसरी बाजू कोरी ठेविली. शेजारचे राजाने युद्धाचा खलिता धाडिला तो नाव नसल्याकारणे जासूद कोणाचे हाती द्यावा ते न कळोन तीन महिने धर्मशाळेत राहिला आणि तेथेच लग्न करून स्थायिक जाहला, आणि युद्ध राहिले ते राहिलेच. सावळशेट प्रतिवर्षी येऊन म्हणत, "भुवनभास्कर द्यायला तयार आहे. पाच गावं द्या." महाराज म्हणत, "ठेवा तुमच्याकडेच. मला नको." शेटजी चकित होत. नावावाचून मनुष्य इतका स्वस्थ कसा, हे त्यांस कळेना. महाराज दरबार आटोपला की मातोश्रींचे महालात जात, दार लोटले जाई, आणि हसत बाहेर येत. त्यांस नाव होते. ते दोघांसच ठाऊक होते.

मग मातोश्री आजारी पडल्या आणि देवाज्ञा जाहली. महाराज महालाचे उंबऱ्यावर बसोन राहिले. बोलत ना, जेवीत ना. आत्यासाहेब आता वृद्ध जाहल्या होत्या, काठी टेकीत आल्या आणि म्हणाल्या, "महाराज, दोन घास खाऊन घ्या." महाराज हलले नाहीत. म्हणाले, "आत्याबाई, ज्या हाकेला मी उठायचो ती हाकच गेली. आता मला नावानं बोलावणारं कोणी राहिलं नाही." आत्यासाहेब खाली बसल्या. म्हणाल्या, "मला सांगा. मी मारते हाक." महाराज म्हणाले, "तुम्ही चावडीवर विचारायला जाल." तेव्हा आत्यासाहेबांस इतक्या वर्षांनी सारे लख्ख दिसले, आणि त्या रडो लागल्या, आणि म्हणाल्या, "आता विचारायला गेले तर जीभ झडो माझी. सांग रे." मग महाराजांनी सांगितले, "धोंडू." आत्यासाहेबांनी गालावर हात ठेविला. "अगं बाई. मी भुवनभास्कर शोधत फिरले, आणि धोंडू?" महाराज म्हणाले, "आई म्हणायची, माझी दोन गेली. सोन्याला सगळेच हात लावतात, धोंड्याला कोण उचलतंय? म्हणून धोंडू." ज्या घरी लेकरे जगत नाहीत तेथे ऐसेच नाव ठेवावे, ही आपल्या लोकांची केवढी जुनी रीत, आणि ती आपणांस घरात थोरल्या असोन आठवू नये, याचे आत्यासाहेबांस बहुत दुःख जाहले. मग डोळे पुसोन त्या मुदपाकखान्यात गेल्या आणि स्वहस्ते ताट वाढिले आणि तेथोनच ओरडल्या, "धोंडू, ताट वाढलंय, ये!" आणि महाराज उठले आणि जेवले.

परंतु आत्यासाहेबांचा आवाज. तो तीन पेठांत ऐकू गेला. दुसरे दिवशी भर दरबारात सावळशेट पालखीतून उतरले आणि म्हणाले, "महाराज, धोंडू काल माझं झालं. सगळ्या शेपटांसकट घेतलंय. आता बोला, किती गावं?"  महाराज शांतपणे म्हणाले, "नाव तुमचं आहे, तर हाक मारून पाहा." शेटजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "धोंडू!" महाराज खिडकीबाहेर पाहत राहिले. शेटजी मोठ्याने म्हणाले, "धोंडू!" काही नाही. मग शेटजी शेपटे लावून ओरडू लागले, "धोंडू ठिपका दुकान! धोंडू ठिपका मंडळी! धोंडू ठिपका जावई!" चोपदार तोंडात शेले कोंबोन हसू लागले, पंत पंचांगात तोंड घालून बसले, आणि महाराजांनी पापणीही हलविली नाही. इतक्यात मुदपाकखान्याकडोन आवाज आला, "अरे धोंड्या, भाकरी गार होतेय!" तोच महाराज गादीवरोन उठले, "आलो, आलो" म्हणाले, आणि भरला दरबार टाकोन जेवावयास गेले. मागे शेटजी ओरडत राहिले, "पट्टी! हाकेची पट्टी द्या!"

येणेप्रमाणे हकीकत जाहली ती लिहिली. शेपटे अद्याप वाढतच आहेत, दारोदार पाट्या तशाच आहेत, आणि कायदा तो कायदा म्हणोन शेटजींचा माणूस रोज दोन्ही वेळेस मुदपाकखान्याचे दारी पट्टी वसूल करावयास उभा असतो. आत्यासाहेब त्याचे हातावर पट्टी ठेवितात, काठी बाजूस ठेवितात, आणि हाक मारितात.